मुलाम्याचा धातू

२१ नोव्हेंबर

प्रिय बारके,

खुशाल असशील असं लिहायचं धाडस होत नाही, तरी पत्राला कुठून तरी सुरुवात करायला हवी. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण जिना एकटीच चढते आणि हात धरायला गेलं की माझ्यावरच खेकसते. बाबांची खोली अजून आवरलेली नाही. रोज आवरू म्हणतो आणि दार लोटून घेतो.

मी कालपर्यंत मुलाम्याच्या यंत्रावरच होते. गेल्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेत नवीन मॅडम आल्या. त्यांनी तुझंच काम पुढे घेतलं. तेच मणी, केसाच्या जाडीत पन्नास मावतील एवढे, अर्ध्या अंगाला धातू लावलेले, उजेड पडला की पाण्यात धावणारे. आईला तू पहिल्यांदा सांगितलं होतंस ना, तेव्हा ती म्हणाली होती, "आपल्या घरात उजेड पडला तरी कुणी अंथरूण सोडत नाही, त्यांच्यापेक्षा तुझे मणी बरे." बाबा किती हसले होते.

मॅडमना बघायचं होतं की मुलाम्याचा धातू बदलला तर चाल किती बदलते. मणी तेच, पाणी तेच, दिवा तोच. मी त्यांना तीन धातूंचे तीन नग करून दिले. आठवड्याने त्या माझ्या टेबलाशी आल्या. सोनं रेंगाळत होतं, प्लॅटिनम बेताने चालत होतं आणि पॅलेडियम त्याच्या तिप्पट पळत होतं. तुझ्या जुन्या चित्रफितीशी त्यांनी ते ताडून पाहिलं होतं, आणि चाल पॅलेडियमशी जुळली होती. मी तुझी बहीण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणाल्या, "त्या मुलीने काही खोटं लिहिलं नव्हतं हो. तिच्या मण्यांवर प्लॅटिनम नव्हतंच."

मी "असं का" म्हटलं आणि काचेची भांडी धुवायला घेतली.

बारके, मला ते तीन वर्षांपासून माहीत होतं.

दोन्ही धातूंचे दाणे पांढरे, डब्या सारख्या, आणि आम्ही नाव वाचायचो ते झाकणावरचं. झाकणांची अदलाबदल माझ्या हातून झाली. ते माझ्या लक्षात आलं तुझ्या चौकशीच्या आदल्या दिवशी. बुडावरचं नाव वाचलं, तर प्लॅटिनमची डबी काठोकाठ भरलेली होती आणि पॅलेडियमची रिकामी. दुसऱ्या प्रयोगशाळेला तोच प्रयोग करून तुझे आकडे मिळत नाहीत, म्हणून तुला जाब विचारणार होते. मला एवढंच म्हणायचं होतं, साहेब, चूक माझी आहे. माझी नोकरी कंत्राटी होती. घरी कमावणारी मी एकटी होते, तू अजून शिकत होतीस. ही कारणं मी इतक्या वेळा घोकली आहेत की आता मलाच त्यांची शिसारी येते. खरं सांगायचं तर मी भ्याले. मग तुला काढलं, आणि त्यानंतर बोलणं रोज आणखी अवघड होत गेलं.

तुला काढलं त्या संध्याकाळी बाबा जेवताना म्हणाले, "आकडे फुगवणारी मुलगी माझी नाही." जन्मभर गणित शिकवलेला माणूस. तू म्हणालीस, "बाबा, मला दिसलं तेच मी लिहिलं." मी तेव्हा वाढत होते. माझा हात थांबलासुद्धा नाही.

मॅडम बोलल्या त्याच दिवशी घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. ते तेव्हा अंथरुणावरच होते, पण डोकं लख्ख होतं. माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "किती पट?" मी म्हटलं, "तिप्पट." "म्हणजे तिने मोजलं ते बरोबर होतं." "हो बाबा." त्यांनी चष्मा काढून उशाशी ठेवला. मग म्हणाले, "तिला बोलाव. मला तिची माफी मागायची आहे."

आता जे लिहिते ते लिहायला मला महिना लागला.

तू आलीस तेव्हा सगळं आटोपलं होतं. दारात चप्पल काढता काढता मला विचारलंस, "शेवटी काही म्हणाले का?" मी म्हटलं, "शुद्धीवर नव्हते गं." तू मान हलवलीस आणि आत जाऊन आईजवळ बसलीस.

ते शुद्धीवर होते. आठ दिवस. रोज सकाळी विचारायचे, "कळवलंस का?" मी रोज सांगायचे, "हो, निघतेय ती." मी तुला कळवलंच नव्हतं. आईलाही वाटायचं की मी कळवलंय, आणि तू आलीस तेव्हा उशिरावरून तुला काही बोलू नकोस असं मी तिला बजावलं. तू आलीस की ते तुला सांगतील आणि तू माझ्याकडे बघशील, त्या बघण्याला मी घाबरत होते. एक दिवस आणखी, एवढंच रोज ठरवत गेले. आठव्या दिवशी त्यांनी मला दाढी करून द्यायला सांगितली. इस्त्रीचा सदरा मागितला. उशीला टेकून दुपारभर दाराकडे तोंड करून बसले. संध्याकाळी म्हणाले, "गाडी चुकली असेल." नवव्या दिवशी पहाटे गेले. अंगात तोच सदरा होता.

काल मी साहेबांना सगळं लिहून दिलं आणि राजीनामाही. ते वाचून खुर्चीत मागे टेकले. तुझ्या नावावरचा ठपका काढायचं पत्र तुला त्यांच्याकडून येईल. मॅडमनी आपल्या लेखात तुझे आकडे बरोबर होते असं स्पष्ट लिहिलंय. आईला परवा सांगितलं. ती अजून माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, ताट सरकवते आणि उठून जाते.

क्षमा कर असं मी लिहीत नाही. ती मागायचा हक्क बाबांचा होता, आणि त्यांचीही संधी मीच घालवली. त्यांना तुला म्हणायचं होतं ते त्यांनी आठव्या दिवशी संध्याकाळी माझ्याजवळ ठेवलं होतं, म्हणून त्यांच्याच शब्दांत देते: "तिला सांग, चुकलं ते माझं. मी मुलीला न विचारता मुलीचा निकाल लावला."

उत्तराची वाट बघणार नाही असं लिहिलं तर तेही खोटंच होईल.

तुझी,
जिला तू ताई म्हणायचीस ती