आठ फुटांवरचा बर्नर

वडीगोद्री, मंगळवार, संध्याकाळ

आज कॉलेजच्या प्रयोगशाळेत आमचे परिचर शेषराव मामा ईथर काचेच्या भांड्यात ओतून घेत होते. बाटलीला बूच लावलं तेवढ्यात टेबलावरून एक निळी ज्योत पळत आली आणि भांडं पेटलं. पेटता बर्नर तर दुसऱ्या टोकाला, आठ फूट लांब. मामांनी भांड्यावर झाकण ठेवलं, मी गॅस बंद केला. त्यांच्या मनगटावरचे केस जळाले, एवढ्यावर निभावलं.

"मॅडम, बर्नर तिकडं, मंग आग इकडं कशी आली?"

ईथरची वाफ हवेपेक्षा जड. दिसत नाही, टेबलावरून सरपटत बर्नरपर्यंत जाते आणि पेटली की ज्योत त्याच वाटेनं उलटी येते. तरी आठ फूट? शिकवते दरवर्षी, पाहिलं आज. आणि रोज ओतणाऱ्या माणसालाच कधी का सांगितलं नाही? आधी बर्नर विझवा, मग बाटली उघडा, एवढं तरी?

मी समजावल्यावर मामा विचार करत म्हणाले, "जड हाय तर वरच्या खिडकीतून कशी जाईल? दार उघडं ठेवावं लागंल."

पंधरा वर्षं मी खिडक्याच उघडत आले. उद्या बारावीच्या मुलांना हे मामांनीच सांगावं. तयार होतील का?