उलट सरकणारी भिंत

बाबा,

आज एका वयस्क गृहस्थांची बायपासनंतरची इको केली. हृदयाच्या दोन कप्प्यांमधली भिंत पडद्यावर उलट सरकत होती, अगदी तुमच्यासारखी. मी म्हटलं, "खुशाल चाला, जिने चढा." ते इथल्या तेलुगू वळणाने मला म्हणाले, "पक्का ना, अम्मा?" मी पक्का म्हटलं आणि बाहेर येऊन घटाघटा पाणी प्यायले.

तुमच्या बायपासच्या वेळी मला हे काम लागून वर्षही झालं नव्हतं. तुम्ही चहाच्या हॉटेलात सगळ्यांना सांगत असायचात, "मेरी बच्ची लोगां के दिल देखती." डॉक्टरांची वाट न बघताच मी हौसेने तुमची इको करायला घेतली, ती भिंत पाहिली आणि घाबरून बोलून गेले, "बाबा, भिंत नीट हलत नाही. जिने नकोत आता." तुम्ही शर्टाची बटणं लावत म्हणालात, "हौ. तू म्हणतीस तर नको."

चार दिवसांनी डॉक्टरांनी ती इको पाहून मला झापलं. ऑपरेशननंतर बहुतेकांची ही भिंत अशी सरकते; ती आकुंचन पावताना जाड होते का, ते बघायचं असतं. तुमची होत होती. स्नायू ठणठणीत होता. पुढच्या तपासणीला त्यांनी तुम्हाला रोज चालायला सांगितलं, तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी फाईल चाळत राहिले. रिक्षात तुम्ही म्हणालात, "डॉक्टर सगळ्यांनाच चाला म्हणतेत. माझं तर तू आतून बघितलंस."

आपल्या नल्लकुंट्याच्या बाजारात रोज तेलुगूत घासाघीस करणारा माणूस मग दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत बसून भाजीच्या गाडीवाल्यासाठी दोरीने टोपली सोडू लागला. जड पिशव्या आई वर आणायची. अशी चार वर्षं गेली. सांगायचं मी रोज ठरवायचे, पण हॉटेलात तुमची मान खाली जाईल असं वाटायचं. नाही, हे खोटं आहे. माझी मान खाली गेली असती. शेवटी तुम्ही तापाने गेलात. हृदय तोवर धडच होतं.

हे तुमच्या फोटोसमोर वाचायचं म्हणून बसले होते. आई आत भाजी निवडते आहे. तिचे गुडघे त्या जिन्यांनीच गेले. मोठ्याने वाचलं तर तिला ऐकू जाईल, म्हणून कागदाची घडी करून ठेवते. बाबा, मला आता तुमची नाही, तिची भीती वाटते.