सदतीस जणांच्या हाका

ओबरलाख,
२१ ऑक्टोबर

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. फोनवर मी तुझ्याशी वाद घालते. कागदावर तसं होत नाही, म्हणून.

आईची तब्येत बरी आहे. भूक चांगली लागते. थंडी सोसते, फक्त पायमोजे दिवसातून दहादा काढून ठेवते. मागच्याच्या मागच्या रविवारी ती जरा बाहेर फिरून आली. तेच सांगायचं आहे.

शेजारच्या कोगलरबाई तुला ठाऊक आहेत, त्यांच्याबद्दल मी कुरकुर करायचे. एकदा रविवारी दुपारी मी मिक्सरवर खोबरं वाटलं, तर दारात येऊन मनगटावरचं घड्याळ दाखवून गेल्या. "आज रविवार आहे," एवढंच बोलल्या. अकरा वर्षं आमची भिंतीला भिंत, पण त्यांनी माझा उंबरा ओलांडला नव्हता, मी त्यांचा. इथे न बोलावता कुणी कुणाकडे जात नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडायलाही लागलं होतं.

त्या रविवारी बाराच्या सुमाराला मी घरी आले, तर दार सताड उघडं आणि आई नाही. माळ्यावर नाही, तळघरात नाही. बाहेर दाट धुकं, आणि ओढ्याला पाणी. मी कोगलरबाईंची घंटा वाजवली. त्या जेवायला बसत होत्या. ना "अगंबाई", ना "अरेरे". "अंगात काय आहे? पायात काय आहे? किती वेळ झाला?"

"हिरवी साडी. पायात काही नाही. अर्धा तास तरी."

त्यांनी फोन उचलला. पाच मिनिटांत अग्निशमन दलाचा भोंगा वाजला. एरवी तो दर शनिवारी बाराला नुसता तपासणीसाठी वाजतो, तेव्हा कुणी मान वर करत नाही. रविवारी वाजला की माणसं ताटावरून उठतात. दादा, उठली. पगारी त्यांत कुणी नाही, दल गावकऱ्यांचंच. फरश्या बसवणारा श्टाडलोबर, शाळेच्या मुख्याध्यापिका, बेकरीतले बापलेक. कुणाच्या गळ्यात जेवणाचा रुमाल तसाच होता. सदतीस माणसं. श्टाडलोबरने गाडीवर नकाशा पसरला आणि चौघाचौघांना एकेक भाग वाटून दिला. मग मला म्हणाला, "हाक काय मारायची? आमच्या भाषेतली त्यांना कळायची नाही."

मी म्हटलं, "आई."

आणि धुक्यातून, मक्याच्या शेतांतून, ओढ्याच्या दोन्ही काठांवरून "आ-ई, आ-ई" असं ऐकू यायला लागलं. जाड्या, घोगऱ्या, म्हाताऱ्या आवाजांत. अकरा वर्षांत ज्यांनी हवापाण्यापलीकडे माझ्याशी शब्द काढला नव्हता, ती माणसं माझ्या आईला आई म्हणून बोलावत होती. मीही हाक मारायला हवी होती. पण मी नुसती ऐकत उभी राहिले.

पाऊण तासाने ती गावातल्याच रीगलर आजींच्या गोठ्यात सापडली. गवताच्या पेंढीवर बसलेली, पायात त्यांचे लोकरी मोजे, हातात गरम दुधाचा कप. मला म्हणते, "ये, बस. या बिचारीला सुनेचा फार जाच आहे. आत्ताच सांगत होती."

रीगलर आजींनी विचारलं, "काय म्हणतात त्या?" मी सांगितलं. "पण मी हेच तर सांगत होते," त्या हळूच म्हणाल्या.

मग सगळे आपापल्या घरी गेले, गार झालेलं जेवायला. एकानेही विचारलं नाही, "एकटीला सोडलीत कशी?" मी त्या प्रश्नाची वाट पाहत होते. आपल्या मिरजेत पहिला तोच आला असता, आणि माझी सुटका झाली असती. इथे कुणी विचारला नाही, म्हणून तो माझ्यापाशीच राहिला. उत्तर तुला देते.

त्या सकाळी तिसऱ्यांदा तिचे कपडे बदलत होते. ती मला ढकलत म्हणाली, "तू कोण? मला माझ्या मुलाकडे ने." मी हात उगारला. मारलं नाही रे. पण ती दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसली. मी कोट चढवून ओढ्याकडे निघून गेले. दारसुद्धा लोटलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोगलरबाई आल्या. "मंगळवार आणि शुक्रवार. दोन ते चार. मी बसेन." तेव्हापासून दोनच्या ठोक्याला येतात, विणकाम घेऊन. इथल्या भाषेत होकाराला 'या' म्हणतात. आई काहीही बोलली की त्या "या, या" करतात. आई म्हणते, "किती अगत्याची बाई, सारखी या या म्हणते."

"तीन महिने सांभाळून दाखव," असं तू म्हणालास तेव्हा मला राग आला होता. तुम्ही दोघांनी सात वर्षं सांभाळलं, आणि मी इथून बदाम भिजवायला सांगत होते. माझा हात आठव्या आठवड्यात उठला. तुझा कधी उठला का? उठला असला तरी सांग, नसला तरी सांग.

अठरा नोव्हेंबरला आईला घेऊन येते आणि सहा महिने राहते. रजा मिळाली आहे. तुम्ही दोघं कुठेही जा, मला पत्तासुद्धा देऊ नका. हे पत्र वहिनीला वाचून दाखव. माझ्या तोंडून निघणार नाही.

आईवर हात उगारलेली, तरीही तुझीच बहीण,
मृदुला