पुस्तक यंदा तुझ्याकडे

छत्रपती संभाजीनगर
९ जानेवारी २०२६

प्रिय सरिता,

सप्रेम नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. तुझी तब्येत ठीक आहे असं धरून चालते. माझी ठीक आहे. उजवा गुडघा कुरकुरतो, पण त्याचं मी ऐकून घेत नाही. कॉलेजातून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी सकाळी पाचला जाग येतेच.

पत्र कामाचं आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस ताडोब्याला जायचं ठरतंय. श्रेया, माझ्या भावाची मुलगी, तू तिला फ्रॉकमध्ये पाहिलं होतंस, आता चिकलठाण्याला एका कारखान्यात इंजिनिअर आहे. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, सुयशनं, हा बेत काढला. माझ्याकडे खातं एकच आलं: जंगलात सोबत न्यायला एक उपयोगी पुस्तक निवडायचं.

"आणि नाहीच मिळालं, तर फोनवर सगळं असतं, आत्या," ती म्हणाली.

"सफारीत फोन नेऊ देत नाहीत. नियम वाचलेस का?"

वाचले नव्हते. यांच्या पिढीला नियम गेटवर गेल्यावर कळतात.

सोमवारी क्रांती चौकाजवळच्या एका दुकानात गेले. दुकानदारानं एक चकचकीत पुस्तक पुढं केलं. "मॅडम, यहीच ले लो. सब यहीच लेते. देखो, कवर पे शेर."

"आत काय आहे?"

"अंदर भी शेर है, मॅडम."

खोटं बोलत नव्हता. आत बावीस वाघ मोजले. झाड एकही नाही. म्हणजे होती, पण वाघाच्या मागं धूसर. दुसरं पुस्तक सगळ्या भारताचं, पाटीएवढं जड. सफारीच्या धावत्या जिप्सीत ते मांडीवर धरलं तर उघडायला तिसरा हात लागेल. तिसऱ्यात निवासाची आणि जेवणाची ठिकाणं बारकाईनं दिलेली, प्राण्यांना चार पानं. मी प्रत्येक पुस्तकाची एकच परीक्षा घेतली. मागची सूची उघडून कांडोळ वृक्ष शोधला. कशातच नव्हता. "मॅडम, आप टीचर थे क्या?" त्यानं शेवटी विचारलं. मी हो म्हटलं. "समझ गया मैं," म्हणाला आणि पुस्तकं परत फळीवर लावायला लागला.

घरी आले आणि कपाटातून आपलं पुस्तक काढलं.

पाठीला तू चिकटवलेलं खाकी कापड अजून घट्ट आहे. कांडोळ पान एकशे बारावर. तुझी तांबडी पेन्सिल: "ताडोबा, फेब्रु. १९८१, संध्याकाळ. पानं गळालेला पांढरा बुंधा. मंजूने भूत समजून माझा हात धरला व गेटपर्यंत सोडला नाही. नोंद असावी." खाली माझी निळी: "विधान अतिरंजित." सरिता, ते अतिरंजित नव्हतं. पंचेचाळीस वर्षांनी दुरुस्ती करते.

श्रेया आली होती, तिनं ते पान वाचलं. "आत्या, दोन दोन रंग कशाला?" मग तिला सगळं सांगावं लागलं. वर्गाच्या सहलीसाठी दोघींत एक पुस्तक घेतलं. तू लग्न होऊन लासूर स्टेशनला गेलीस, पुस्तकाचे दोन तुकडे करता येईनात, म्हणून ठरवलं की एक वर्ष तुझ्याकडे, एक वर्ष माझ्याकडे. दिवाळीला ते जायचं किंवा यायचं, आत एक चिठ्ठी घालून. पुन्हा जंगलात दोघी कधी गेलो नाही. तू मार्केट यार्डाच्या पिंपळावरचे पक्षी टिपलेस, मी हिमायत बागेतले. तुझ्या धाकट्याला कांजिण्या आल्या त्या आठवड्यात तू तांबटाचं घरटं टिपलं आहेस. बत्तीस वर्षं हे चाललं.

"मग बंद का झालं?" तिनं विचारलं.

मी तिला चहा करायला पाठवलं.

तुला मात्र उत्तर द्यायला हवं. २०१४च्या दिवाळीला पुस्तक तुझ्याकडे यायचं होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये तुझा संसार अर्ध्यावर टाकून बन्सीराव गेले. मी तुला लिहिलं की बारावीच्या परीक्षेची ड्युटी होती, येता आलं नाही. ड्युटी होती हे खरं. ती दुपारी दोनला संपली हेही खरं. तीनच्या सुमारास मी गाडीत बसले आणि लासूरला उतरले. तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आले होते.

ओट्यावर बायका बसल्या होत्या. मध्ये तू. केस मोकळे, पदर कुठं पडलाय याचं भान नाही. डिसेक्शनला बेडूक समोर आला तरी हात न थरथरणारी सरिता. तुला तशी मी कधी पाहिली नव्हती. तुमच्याकडे काम करणाऱ्या दगडाबाई पाण्याची कळशी घेऊन येत होत्या. त्यांनी मला पाहिलं.

"कुणाकडं आलात, बाई? बन्सीभाऊंकडं व्हय? या की आत."

मी म्हटलं, "नाही. घर चुकले."

एवढं बोलून मागं फिरले आणि पुढच्या गाडीनं परत आले. तीस वर्षं मुलांना सांगत आले की उत्तर येत नसेल तरी पेपर कोरा सोडू नका, काहीतरी लिहा. मला तुझ्यापाशी येऊन काय बोलायचं ते येत नव्हतं, तर मी वर्गाबाहेरूनच पळाले. बोलायचं काही नव्हतंच, नुसतं शेजारी बसायचं होतं, हे मला गाडीत चढल्यावर कळलं.

दगडाबाईंनी तुला सांगितलं असणार. चष्मा, सुती साडी, काळी छत्री. तुला ओळखायला वेळ लागला नसेल. म्हणूनच दिवाळीआधी तुझं कार्ड आलं: "पुस्तक तुझ्याकडेच राहू दे." मी ते राहू दिलं. दर दिवाळीला काढायची, चिठ्ठीचा कागद समोर घ्यायची आणि पुस्तक परत ठेवायची. बारा दिवाळ्या. हिमायत बागेत काही नवं दिसलं की अजून मान वळते, तुला सांगायला. मग निळी पेन्सिल पर्समध्येच राहते. बारा वर्षांत मी त्या पुस्तकात एक अक्षरही लिहिलेलं नाही. तपासून घे.

आता कामाचं. जिप्सीत सहा जण बसतात. श्रेया, सुयश, त्याचे आईवडील आणि मी मिळून पाच होतो. सहाव्या जागेवर सुयश त्याच्या मित्राला घेणार होता. मी नको म्हटलं, कारण सांगितलं नाही. परवान्यावर प्रत्येकाचं नाव आणि आधारचा नंबर लागतो, मूळ कार्डही सोबत हवं. नावं वीस तारखेपर्यंत भरायची आहेत. तुझा नंबर कळव. "येत नाही" असं लिहिलंस तरी चालेल, पण लिही.

पुस्तक सोबत पाठवत आहे. यंदा ते तुझ्याकडे असायला हवं, त्याआधीही असायला हवं होतं. पत्ता तोच घातला आहे. त्या घराचा पत्ता मी कधीच चुकले नव्हते. गेटची नावं आणि वेळा बदलल्या आहेत, त्यांचा कागद शेवटच्या पानाला टाचला आहे. कांडोळाच्या खाली जागा शिल्लक आहे.

मी दुसरं पुस्तक घेतलेलं नाही आणि घेणारही नाही. जंगलात मला लागेल ते एकच, आणि ते तू आणलंस तरच येईल.

वाट पाहणारी,
मंजू