दोन्ही काठांचा पाठिंबा

कोल्हार बुद्रुक,
मार्गशीर्ष, १९७४

चि. कानिफनाथ यास कारभारीकाकाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. माझी पाठ धरली आहे, तुझ्या चांगुणाकाकूने माझ्याशी बोलणं टाकलं आहे आणि पलीकडच्या काठचे आपले व्याही पुंजाराम मला पाहिलं की तोंड फिरवतात. तिन्हीला कारण तू आहेस. तुझी तब्येत कशी आहे? तिकडे बर्फ पडतो म्हणतोस, तर कानाला मफलर बांधत जा. सभेत जाशील तेव्हा तोंडालाही बांध.

तुला जर्मनीत यंत्राचं काम शिकायला पाठवलं आणि तू तिथल्या शेतकऱ्यांच्या मांडवात जाऊन बसलास. बसलास ते बसलास. ऱ्हाईन नदीकाठी शिशाचा कारखाना होऊ नये म्हणून या काठचे जर्मन आणि त्या काठचे फ्रेंच एकत्र ठाण मांडून बसलेत, हे वाचून मला बरंच वाटलं. (लढायांत एकमेकांची गावं जाळलेली ही माणसं. त्यांना जमलं.) पण भर मांडवात उठून ‘आमच्या प्रवरेच्या दोन्ही काठांची माणसं तुमच्या पाठीशी आहेत’ असं बोलायला तुला कुणी सांगितलं होतं? देवीच्या यात्रेत पहिल्या नारळाच्या मानावरून वाजलं, तेव्हापासून बुद्रुक आणि खुर्द एका सतरंजीवर बसलेले नाहीत, हे तू विमानात विसरलास काय? वर मला लिहितोस, दोन्ही कोल्हारांच्या सह्यांचा एकच कागद पाठवा, नाहीतर माझा शब्द खाली पडेल.

शब्द तुझा असला तरी आडनाव आमचं आहे. म्हणून उठलो. चावडीवर माणसं जमवून नदी, विष, शिसं, सगळं समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मग एकाने विचारलं, “समदं खरं, पन आमाला अक्षता कुठं आल्यात? बिनबोलावता कसं जायचं?” मी म्हटलं, अरे, लग्न नाही, पाठिंबा आहे, आणि जायचं कुठेच नाही. ऐकेनात. शेवटी वैतागून मीच तांदळाला हळदकुंकू लावलं आणि जर्मन-फ्रेंच मंडळींच्या वतीने घरोघर अक्षता वाटत फिरलो. बुद्रुकच्या सह्या झाल्या, अंगठे झाले. आता जो तो वाटेत अडवून विचारतो, जेवण कधी?

खुर्दच्या अक्षता मी जावयाच्या हाती पाठवल्या. (पाठीमुळे नदी उतरून जाणं होईना.) म्हणजे पुंजारामच्या घरची अक्षत पुंजारामच्याच पोराच्या हाती गेली. चूक झाली, कबूल. व्याह्याच्या दारी स्वतः जायचं असतं. मग पाठ धरून गेलो, पाटावर बसलो, चहा घेतला, कागद पुढे केला. त्यांनी वरची ओळ वाचली आणि चष्मा काढून ठेवला. ‘कोल्हार बुद्रुक व कोल्हार खुर्द’ असं मी रीतसर लिहिलं होतं. म्हणाले, “इवाई, नदीचं खोल पानी आमच्या अंगाला हाय. नाव आमचं आधी पायजे.” मी म्हटलं, थोरलं गाव ते थोरलं गाव. ते म्हणाले, मग थोरल्यानंच पाठिंबा द्यावा. चहा अर्धा टाकून उठलो. या माणसांना सीमेपलीकडची माणसं काय कळणार? यांना नदीपलीकडची कळत नाहीत.

घरी आलो तर तुझी काकू म्हणते, “ती मानसं थंडीत बसलीत, अन् तुमी नावावर बसलाय. कागद खात्यात व्हय ती?” दुसऱ्याच्या अडचणीत रिकाम्या हाताने जाऊ नये, हा तिचा कायदा. तिने आणि खुर्दात दिलेल्या आपल्या बनूने दोन्ही काठांच्या बायकांकडून शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीच्या खारोड्या जमवल्या आणि ते गाठोडं माझ्या डोक्यावर दिलं. नगरच्या पोस्टातल्या माणसाने पत्ता वाचला: ‘फ्रेंच व जर्मन शेतकरी, मुक्काम मांडव, ऱ्हाईनकाठ’. मग माझ्याकडे पाहिलं आणि गाठोडं परत ढकललं. येताना एसटीत भूक लागली म्हणून मी थोडी चटणी खाल्ली. परक्या पाहुण्यांच्या ताटातलं खाल्लं, म्हणून काकूने अबोला धरला आहे.

तेव्हा तुझा कागद होत नाही. मांडवात सांग, काका आजारी आहे. खोटं नाही.

तुझा,
कारभारीकाका

ता. क. पत्र पाकिटात घातलं आणि तेवढ्यात बातमी आली. नगरच्या कुणा शेठने नदीच्या वरच्या अंगाला सूत रंगवायच्या कारखान्याचा पाया खणायला घेतला आहे. रंगाचं पाणी नदीतच सोडणार. आपण पितो ती हीच नदी. तुझी काकू आणि बनू दोन्ही काठांच्या बायका घेऊन गेल्या आणि सरळ पायाच्या खड्ड्यात उतरून बसल्या. अक्षता कुणी वाटल्या नव्हत्या. परत आलेल्या खारोड्या तिथेच खाल्ल्या. मी आणि पुंजाराम समजूत घालायला गेलो होतो, ते तिथेच बसलो आहोत. सतरंजी एकच होती. मला भीती वाटते, पण उठवत नाही.

ता. क. दुसरा. शेठ विचारतो, या चार बायकांच्या मागे आहे कोण? तरी त्या मांडवातल्या जर्मन-फ्रेंच मंडळींच्या सह्यांचा एक कागद तातडीने पाठव. आहेर आधी आपण करावा, मग परतीचा मागायला लाज वाटत नाही, म्हणून आपला कागद खड्ड्यातच नव्याने लिहून, दोन्ही काठांच्या सह्यांनिशी सोबत जोडला आहे. खड्ड्यात पुंजाराम म्हणाले, “ऱ्हाऊ द्या इवाई, बुद्रुक वर घाला.” ते ऐकून माझ्याने काही बुद्रुक वर लिहवेना. खुर्दचं नाव वर आहे आणि ते माझ्याच हातचं आहे.

तू मात्र मांडवात वाचून दाखवताना बुद्रुक आधी वाच. त्यांना मराठी येत नाही.