लाल भाताची साक्ष

२ ऑक्टोबर
शाळेच्या नर्सबाईंची चिठ्ठी आली. कानाएला पाळी येत नाही! किती महिने — पोरगी सांगत नाही. एका घरात राहतो आणि मला चिठ्ठीतून कळतं. आईविना नात वाढवायची म्हणजे हे असं. तिच्या आजीनं, फुमीनं, माझ्याआधी जायला नको होतं.

३ ऑक्टोबर
दवाखाना. दिवस गेलेत का, तेही तपासलं. सतरा वर्षांची पोर! मी तडकलो. कानाएच म्हणाली, "आजोबा, सगळ्यांचंच बघतात. बसा खाली."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पहिली पाळी कधी?" ही बुटांकडे बघत राहिली. मीच सांगितलं — तेराव्या वर्षी. पोर वयात आली की आमच्यात लाल भात करतात, तो हिच्या आजीनं रीतीप्रमाणे शिजवला, आळीत डबे मी स्वतः वाटले. बाईंनी लिहून घेतलं. म्हणाल्या, "धावणाऱ्या मुलींची पाळी अशी थांबते. खाणं वाढवा, धावणं बंद."

५ ऑक्टोबर
शाळेत धावणं शिकवणाऱ्या तागावा सरांना गाठलं. हसतोय वर! "आजोबा, माझ्या निम्म्या मुलींना येत नाही. सराव नीट चाललाय, याचीच खूण ती." मेला! तिथल्या तिथे रिलेच्या संघातून कानाएचं नाव काढायला लावलं. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "शेवटचा टप्पा माझा होता."

१२ ऑक्टोबर
जेवते. ताट घासून खोलीत जाते.

२७ ऑक्टोबर
पाळी यावी म्हणून डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या दहा दिवसांच्या गोळ्या संपून आठवडा झाला. गोळ्या थांबल्या की यायला हवी होती. नाही आली. रोज सकाळी तिचं तोंड बघतो, विचारायची लाज वाटते. तागावाचं वाटोळं होवो.

१ नोव्हेंबर
रिले. रस्त्याच्या कडेला दोघं उभे. शेवटच्या टप्प्याला खांद्यावर रिलेत हातोहात देतात तो शाळेचा पट्टा, पण कानाएच्या जागी दुसरीच पोर. धापा टाकत नवव्या नंबरावर आली. कानाएनं टाळ्या वाजवल्या. मग म्हणाली, "चला घरी."

६ नोव्हेंबर
सोनोग्राफी. पोरीला गर्भाशयच नाही. जन्मापासून! बाकी सगळं ठीक, म्हणून वाढ नीट झाली, कुणाला शंका आली नाही. मूल पोटात वाढणार नाही. धावण्याचा काही संबंध नाही, हवं तेवढं धावू दे म्हणाल्या. आता!

मग कागद बघून म्हणाल्या, "पण आजोबा, तेराव्या वर्षी आली होती ना?" मी ओरडलो — मी खोटं बोलतो का? सगळ्या आळीला विचारा!

कानाए हळूच म्हणाली, "कधीच आली नव्हती."

बसमध्ये मी तिला सोडून पुढच्या बाकावर जाऊन बसलो.

७ नोव्हेंबर
आठवलं. फुमीचा शेवटचा महिना. रोज विचारायची, "आली का गं?" मीच पोरीला दाराशी गाठून म्हणालो होतो, "आजी जायला टेकलीय. एक तरी आनंदाची बातमी दे तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दिली. फुमी अंथरुणातून उठली. भातात घालायची लाल चवळी मीच भिजत घातली.