पसरणीचा घाट आणि ह्यांचा उजवा हात

तीर्थस्वरूप सौ. अक्काच्या चरणी धाकट्या कौशल्येचा शिरसाष्टांग नमस्कार.

तू, दाजी, तुझ्या सासूबाई, मुलं आणि दिवस भरत आलेली म्हैस, सगळी खुशाल असाल अशी माझी खात्री आहे. (म्हैस व्याली असेल तर खरवसाची वाटी माझ्यासाठी झाकून ठेव. मागच्या वेळी ठेवली नव्हतीस, ते मी विसरलेली नाही.) आम्ही दोघंही सुखरूप आहोत. ह्यांचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये आहे, पण हातापलीकडचे हे अगदी सुखरूप आहेत.

चाकणच्या बाजारात तुझ्या कानावर काहीबाही आलं असेल. कौशल्येनं मोटार दरीत घातली, नवऱ्याचा हात मोडला, एस.टी.ला धडक दिली, असं सांगत असतील. त्यातला फक्त हात खरा आहे, आणि तोही मी मोडलेला नाही. झालं ते असं.

लष्कराच्या लिलावात घेतलेली आमची मोटार ह्यांनी वर्षभर अंगणात उघडून ठेवली होती, हे तू पाहिलंच आहेस. कारखान्यातून शिफ्ट संपवून आले की हे बॉनेटमध्ये डोकं घालायचे आणि मला आत बसवून हुकूम सोडायचे, आता हे दाब, आता ते सोड. असं करता करता मला पायाखालचं क्लच-ब्रेक सगळं पाठ झालं. पुढं कॉलनीमागच्या मैदानात मी चार-दोन फेऱ्याही मारल्या. (एकदा वाळत घातलेल्या कुरडयांवरून गेले, पण त्या शेजारणीशी माझं आता बरं आहे.) मग मे महिन्यात ह्यांना रजा मिळाली आणि हे म्हणाले, साहेबलोक महाबळेश्वरला जातात ना, मग आपणही आपल्या मोटारीतून जायचं.

दापोडी, पुणे, कात्रज, सगळं झकास पार पडलं. हे शीळ घालत चालवत होते, मी दशम्या भरवत होते. खंबाटकी चढून माथ्यावर पोचलो तोवर रेडिएटरमधून वाफ निघाली. पाणी ओतलं, मोटारीला गार होऊ दिलं, आणि हे पुढून हँडल मारायला गेले. इंजिनानं उलटा झटका दिला आणि हँडल ह्यांच्या मनगटावर असं बसलं की हे मटकन खालीच बसले. मनगट डोळ्यांदेखत सुजलं. ह्यांचा चेहरा पांढराफटक. अक्का, मी घाबरले, खोटं कशाला सांगू? रस्त्यावर चिटपाखरू नाही, ऊन रणरणतंय, आणि वाईला पोचल्याशिवाय डॉक्टर नाही.

मी पदर खोचला, ह्यांना शेजारच्या सीटवर बसवलं आणि स्वतः स्टिअरिंगच्या चाकाशी बसले.

"कौशल्या, हा घाट आहे, मैदान नाही," हे कण्हत म्हणाले.

"मग डोळे मिटून घ्या," मी म्हटलं.

हँडल मारायला कोणी नव्हतंच. उतारावर ब्रेक सोडला, मोटार घरंगळू लागली, क्लच सोडला, आणि गचका देऊन इंजिन सुरू झालं. त्या आवाजानं मला जेवढा आनंद झाला तेवढा लग्नातल्या सनईनंही झाला नव्हता. (हे वाक्य ह्यांनी वाचलं आणि कूस बदलून झोपले.) वाईला डॉक्टरांनी हाड बसवून प्लॅस्टर घातलं. मग सगळी वाई दारात येऊन बाईच्या हातची मोटार बघायला लागली, तेव्हा ह्यांनी टोपी नाकापर्यंत ओढली आणि म्हणाले, "मोटार इथंच ठेवू. एस.टी.नं परत जाऊ."

मला वाईट वाटलं, हाताचं नव्हे, टोपीचं. वर्षभर खपून ज्या माणसानं भंगाराची मोटार केली, त्यानं तोंड लपवून परत जायचं? मी म्हटलं, महाबळेश्वर इतकं जवळ आलंय, मी काही परत जात नाही. बघ्यांकडून मोटार ढकलून घेतली, सुरू केली आणि पसरणीच्या घाटाला लागले.

निम्म्या घाटात, ऐन वळणावर, वरून एस.टी. आली. दोघींना पुरेल एवढी वाट नव्हती. ड्रायव्हरनं बघितलं, चाकाशी बाई. त्यानं हातानंच खूण केली, मागं घ्या. आता अक्का, मागं घेणं ह्यांनी मला शिकवलेलंच नव्हतं, आणि एका बाजूला सरळ दरी. खिडक्यांतून सगळे पॅसेंजर बाहेर लोंबकळलेले. एक म्हातारी ओरडली, "आगं बया, बाईमानूस मोटार हाकतंय की!" कंडक्टर उतरून आला आणि मला सोडून ह्यांनाच म्हणाला, "राव, बाईला उतरवा, तुम्ही बसा."

तेव्हा ह्यांनी टोपी सरळ केली. प्लॅस्टरचा हात उंच करून म्हणाले, "चढणाऱ्याला वाट आधी, हा घाटाचा नियम आहे. तुमच्या ड्रायव्हरला ठाऊक नसेल तर आमची मंडळी समजावून सांगतील." एस.टी. मागं गेली, अक्का! बाजूनं जाताना ती म्हातारी म्हणाली, "जा गं माझे बाई, दमानं जा." मला रडूच येत होतं, पण दोन्ही हात चाकावर होते.

महाबळेश्वर पाहिलं. थंड आहे, माकडं फार आहेत. परतीचा सगळा रस्ता मीच चालवला. पिंपरीला पोचलो तेव्हा नेमका भोंगा झाला आणि सगळी शिफ्ट सायकलींवरून बाहेर पडत होती. मी मनातून जरा कचरले. पण हे मोठ्यांदा ओरडले, "बाजूला व्हा रे, कौशल्याबाईंची मोटार येतेय!" तेव्हापासून कॉलनीत मला ड्रायव्हरीणबाई म्हणतात. मला राग येत नाही.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
कौशल्या

ता. क. : दोन लुगडी बांधून तयार राहा. तुला आठ दिवस भुलेश्वर, जेजुरी, मोरगाव असं फिरवून आणायचं ठरलं आहे. सासूबाईंना सांगताना मोटार हेच चालवणार असं सांग. ह्यांची त्याला संमती आहे.

दुसरा ता. क. : हे पत्र टपालानं आलेलं नाही, हे एव्हाना तुझ्या ध्यानात आलं असेल. तुमच्या वस्तीच्या अलीकडच्या ओढ्यात मोटारीची मागची चाकं वाळूत रुतली आहेत. हे बाभळीखाली झोपले आहेत. हे पत्र घेऊन येणाऱ्या तुमच्या वस्तीवरच्या अंबुबाईंना आधी शेण्या थापायच्या होत्या, म्हणून मला एवढं सविस्तर लिहिता आलं. तरी तुमच्या गेनू गड्याबरोबर बैलजोडी ताबडतोब पाठव. दाजी स्वतः आले तरी चालेल, हसले तरी चालेल. फक्त त्यांना एवढं आधीच सांगून ठेव, बैल पुढं असले तरी चाकाशी मीच बसणार.